लुसिलाची चाकारेरा

हल्ली आमच्या ला बांदा गावात कुणीही उठतं आणि सांगतं, "आन्सेल्मो ना? आमच्या गावचा जॅझवाला!" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणूस जिवंत होता तेव्हा ह्याच लोकांनी त्याला लग्नात वाजवायला बोलावणं बंद केलं होतं. मेल्यावर मात्र सगळेच जवळचे. वाचनालयाच्या भिंतीवर फोटो लावलाय, आणि खाली लिहिलंय 'सॅक्सोफोनवादक'. हातात क्लॅरिनेट धडधडीत दिसतंय! मी जाऊन सांगितलं तर तिथला पोरगेला कारकून म्हणतो, "मावशी, वाद्य ते वाद्य." म्हटलं, बरोबर आहे रे बाबा, तुला बकरी आणि गाढव सारखंच दिसत असणार.

मी पेत्रोना. आन्सेल्मो माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, देल्फिनाचे यजमान. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी, आणि माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला बसले की एका किटलीचं पाणी एकटेच संपवणार. क्लॅरिनेट बापाकडून आलेलं. कार्निव्हलच्या दिवसांत क्लबाच्या पटांगणात नाच असायचे, तेव्हा एकच बँड अर्धा वेळ टँगो वाजवायचा आणि अर्धा वेळ जॅझ. दाजी जॅझच्या अर्ध्यात असायचे. बाकी वर्षभर आमचीच गाणी, चाकारेरा, साम्बा, विदाला. आता एकाच फुंकणीतून दोन्ही निघायला लागलं की कधीतरी सरमिसळ होणारच, नाही का?

व्हायचं तेच झालं. ज्या गाण्याला हात लावतील ते वाकवायला लागले. नेहमीची साम्बा सुरू करायची, आणि मध्येच ती कुठल्यातरी अनोळखी गल्लीत शिरायची. म्हातारे ओरडायचे, "आन्सेल्मो, गाणं वाट चुकलं काय रे?"

"चुकलं नाही, जरा फिरायला गेलंय," दाजी म्हणायचे.

"मग जेवायच्या आत परत आण म्हणजे झालं!"

साम्बा ऐकायला बसलेल्यांचं ठीक होतं, पण चाकारेरा नाचायची असते, आणि तिथं घोडं अडलं. चाकारेराला माप आहे. किती पावलं पुढं यायचं, कुठं गिरकी घ्यायची, कधी हात वर करून समोरासमोर यायचं, सगळं गाण्यातच ठरलेलं. पहिली फेरी संपली की कुणीतरी "दुसरी फेरी!" अशी आरोळी ठोकतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. त्यात एक सूर वाढवायला जागा नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात दाजींनी शेवटच्या गिरकीआधी आपलं फिरणं घुसवलं. नवरा-नवरी हात वर करून उभे, जसं काही कुणी बंदूक रोखलीय. गाणं काही येईना. शेवटी नवरा ओरडला, "आन्सेल्मो, हात खाली करू का?" आम्ही हसून हसून लोळलो. पण त्यानंतर लग्नाची बोलावणी आटली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. एक गाणं मात्र तसं नव्हतं. त्याच्याचसाठी मी हे सांगायला बसलेय.

ताईला लग्नानंतर उशिरानं मुलगी झाली, लुसिला. मी तिची धर्माची आई. बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातावर धरलं होतं, सोळा वर्षांची होते मी. काय पोर होती! गालावर नुसतं बोट टेकवलं तरी खुदकन हसायची. आमच्याकडे जानेवारीत ऐन उन्हाळा, त्या वर्षी तो फार कडक झाला, विहिरीचं पाणी खारट आणि गढूळ, पोरीला जुलाब लागले. आठ महिन्यांची होती. डॉक्टर नदीपलीकडे, आणि वर डोंगरात पाऊस होऊन दुल्से नदीला पूर. पोर आमच्या डोळ्यांदेखत सुकत गेली. रविवारी पहाटे गेली.

आमच्यात तान्हं मूल गेलं की रडायचं नसतं. ते देवदूत होऊन सरळ वर जायला निघालेलं असतं. कुणी रडलं, आणि त्यातून आई रडली, तर त्या आसवांनी त्याचे पंख भिजतात आणि ते अर्ध्या वाटेत अडकून पडतं. म्हणून गाणी म्हणायची, नाचायचं, त्याला आनंदानं वाटेला लावायचं. मी पांढऱ्या कागदाचे पंख कातरले, ते झबल्याला टाचले. टेबलावर तिला निजवलं. कमरेला फीत बांधली, आणि आले-गेले त्या फितीला गाठी मारून वर पोचवायचे निरोप तिच्या कानात सांगू लागले. कुणी म्हणे आईला सांग, कुणी म्हणे पूर लवकर ओसरू दे. येवढंसं पोर आणि निरोप किती! ताई शेजारी बसून एकेकीला माते देत होती. डोळे कोरडे ठणठणीत.

पण वाजवणार कोण? फिडल वाजवणारा सिन्फोरोसो पुरापलीकडे अडकलेला. त्या उन्हात थांबायची सोय नव्हती. गाण्याशिवाय तिला न्यायचं म्हणजे तिला वाट कोण दाखवणार? दाजी आत गेले आणि क्लॅरिनेट घेऊन बाहेर आले.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "आन्सेल्मो, तू नको रे. बाप आहेस तू."

"मग दुसरं कोण आहे?" दाजी म्हणाले.

म्हातारा ढोल घेऊन बसला. लुसिलाला माझ्या हातांवर दिलं. आणि तिच्या बापानं चाकारेरा वाजवली. जुनीच, कुणी केली ते कुणालाच माहीत नाही अशी. आणि काय वाजवली! एक सूर हलला नाही. झरझर, चोख, लग्नात वाजवतात तशी. टाळ्या पडत होत्या, "दुसरी फेरी!"च्या आरोळ्या उठत होत्या, आणि मी माझ्या लेकीला घेऊन अंगणात नाचत होते. तिचं डोकं माझ्या कोपरात. माझ्या ओठातून रक्त आलं, इतका दाबून धरला होता मी तो दातांत. संध्याकाळी तिला पुरलं. परतताना बायका कुजबुजल्या, "बापाचं काळीज दगडाचं आहे बाई." मी ऐकलं. त्यांच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं.

त्यानंतर ताईला मूल झालं नाही. आणि ताई रडली नाही. म्हणजे कधीच नाही. तुम्हाला वाटेल, मी वाढवून सांगतेय. आमची आई गेली तेव्हा ताई खुर्च्या लावत होती. एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, करायच्या असल्या की कांदा चिरायला मला हाक. "पेत्रो, तू ये, मला नको ते." पहिल्यांदा मला कळेना. मग कळलं, आणि त्यानंतर मी कधी का म्हणून विचारलं नाही. मुकाट्यानं चिरायची आणि दोघींच्या वाटणीचं मीच नाक ओढायची. पाद्रीबाबांनी एकदा समजावलं, "देल्फिना, ही जुनी खुळं आहेत, देव आसवं मोजत बसत नाही." ताई म्हणाली, "फादर, तुम्हाला किती मुलं?" बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि टोपी शोधायला लागले.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "ताई, इतकी वर्षं झाली गं."

"झाली तर? किती लांब आहे ते तुला माहीत आहे? कुणी जाऊन आलंय? आठ महिन्यांचं पोर, एवढेसे पंख. ती काय गाडीच्या वेगानं जाणार आहे?"

मी उठून किटली विस्तवावर ठेवली.

आता दाजींचं. कारखान्यामागं रद्द झालेले डबे उभे असायचे. दुपारी सारं गाव झोपलं की दाजी त्यातल्या एका डब्यात बसून वाजवायचे. एकदा दोघी बहिणी वाळवणाच्या शेंगा घेऊन तिकडून येत होतो. डब्यातून सूर आले. मी आधी ओळखलंच नाही. फार संथ. एक सूर यायचा, थांबायचा, दुसरा यावा की नको असा विचार करायचा. मध्येच खाली उतरायचा, भलत्याच ठिकाणी वळायचा. आणि मग माझे पायच थांबले. तीच चाकारेरा. मी जी हातांवर लुसिला घेऊन नाचले होते ती. तिची सगळी घाई काढून टाकली की आत काय उरतं, ते ऐकू येत होतं.

ताईनं टोपली खाली ठेवली. डब्याचं दार धाडकन ढकललं.

"रडतोयस तू!"

"कुठं रडतोय?" दाजींनी तोंड वर केलं. "बघ ना. डोळे कोरडे आहेत माझे."

"मला शिकवू नकोस. तोंडानं नाही, नळीतून रडतोयस. हे गाणं ओलं आहे, आन्सेल्मो. चिंब ओलं आहे."

"गाणंच आहे, देल्फिना. जरा हळू वाजवलं."

"दुसरं कुठलंही हळू वाजव. वाकव, मोड, गाढवाच्या शेपटीला बांध. हे नाही. तिचं नाही. शपथ आहे तुला."

दाजींनी शपथ घेतली. आणि पाळली. वर्षानुवर्षं पाळली. सगळ्या गाण्यांना जॅझमध्ये घुसळून काढलं, तेवढं एक सोडून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला दोष देणार होते ते?

मग सरकारनं गाड्या बंद केल्या, कारखान्याला कुलूप लागलं. दाजी घरी बसले. धाप लागायला लागली, डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात काही राम राहिला नाही, ते फुंकायचं आता बंद करा. त्याच सुमारास तुकुमान शहरातून नीदिया आली. नीदिया कार्रिसो, पियानोवाली. पोरगी खेडोपाडी फिरून जुनी गाणी गोळा करायची आणि आपल्या जॅझच्या मंडळींबरोबर नव्या तऱ्हेनं वाजवायची. कुणीतरी तिला सांगितलं, ला बांदात एक म्हातारा हे उद्योग तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय. ती येऊन आल्गारोबोच्या झाडाच्या सावलीत बसली ती संध्याकाळपर्यंत. दाजी वाजवत होते, खोकत होते, परत वाजवत होते. मी तिला बकऱ्याचं मटण वाढलं, तर ते गार होऊन गेलं.

ती म्हणाली, "मास्तर, वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम करू या. तुम्ही आणि आम्ही. एकदाच."

दाजी कधी नव्हे ते हसले. ती गेल्यावर मला म्हणाले, "पेत्रो, मला ती वाजवायची आहे."

मला विचारायची गरज नव्हती कुठली ते. तरी म्हटलं, "दाजी, शपथ घेतलीय तुम्ही."

"माहीत आहे." बराच वेळ खोकत राहिले. "त्या दिवशी लोकांना नाचवलं मी. माझी पोर टेबलावर, आणि मी लोकांना नाचवलं. तिच्यासाठी रडणं माझ्याकडून राहूनच गेलं, पेत्रो. आता फुंकायलाही थोडंच उरलंय. मी काय, ते तसंच घेऊन जाऊ?"

"मग ताईला सांगा."

सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. दाजी एवढंच म्हणाले, "मी ती वाजवणार आहे. शपथ मोडतोय." मला वाटलं, आता भांडी फुटणार. पण ताईनं मांडीवरचं शिवण बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिला तू खाली पाडणार आहेस." आवाज अगदी हळू. "इतकी वर्षं मी तिला धरून ठेवलंय, आन्सेल्मो. दिवसरात्र. तुला माहीत नाही किती जड जातं ते." दाजी उठून तिच्याजवळ गेले. तिनं त्यांना हात लावू दिला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी दाजी माझ्याबरोबरच निघाले. ताईनं येणार नाही म्हणून सांगितलं होतं. सभागृह भरलं होतं. गाव फुकटात मिळालं की जातंच. शिवाय तुकुमानची माणसं, पियानो, ते माणसाएवढं उंच बास नावाचं वाद्य. लग्नाची बोलावणी बंद करणारे सगळे पुढच्या रांगेत. पहिली दोन-तीन गाणी झाली. टाळ्या पडल्या. दाजींना धाप लागत होती, दर गाण्यानंतर खुर्चीवर बसत होते. आणि मग मी मान वळवली तर दारातून ताई आत येतेय. चर्चला जायचा काळा पोशाख, केस चापूनचोपून बसवलेले. येऊन माझ्या शेजारी बसली. माझ्याकडे बघितलंही नाही.

दाजींनीही तिला बघितलं. उठले. क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

आणि वाजवली. संथ. त्या डब्यात ऐकली होती त्याहून संथ. नीदिया नुसते एकदोन सूर ठेवत होती, ढोलावर पोरगा हाताच्या तळव्यानं जेमतेम थाप देत होता. खोकत खोकत वर्षं काढलेला माणूस, एवढा दम त्यानं कुठून आणला देव जाणे. मला अंगण दिसायला लागलं. कोपरात ते डोकं जाणवायला लागलं. मागं कुणीतरी नाक ओढलं. पहिली फेरी संपत आली, आणि दाजी त्या शेवटच्या सुरावर थांबून राहिले. पुढं जावं की नाही असे.

ताई उभी राहिली.

"दुसरी फेरी!" ती ओरडली. आवाज फाटला होता. आणि तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चाकारेराच्या टाळ्या. झरझर, जोरात, त्या दिवशी अंगणात पडत होत्या तशा. ती त्यांना ओढत होती. चल, जलद वाजव, ओलं करू नकोस, तिला जाऊ दे.

मी तिच्या झग्याची बाही धरली. तिनं हिसडा मारला. दाजींनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. वाजवणं थांबवलं नाही, नुसती मान हलवली. नाही. आणि तसंच संथ दुसरी फेरी सुरू केली.

नीदिया शहाणी पोर. तिनं टाळ्या ऐकल्या, ढोलवाल्याला खूण केली, आणि दोन्हींच्या मधून तिचा पियानो चालायला लागला. आणि गंमत बघा, जमत होतं! दाजींचं एक पाऊल पडेपर्यंत ताईच्या टाळ्या कितीतरी पावलं चालून जायच्या, पण दोघं पोचायची एकाच जागी. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे हे. एकजण माझ्या मागं म्हणाला, "वा, काय कल्पना आहे!" मी वळून असं बघितलं त्याच्याकडे की त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच.

मग ताईच्या टाळ्या हळू झाल्या. दमली असेल, सत्तरीला आली होती. एक टाळी चुकली. मग दोन. ती पुन्हा जोर करून वाजवायला बघायची, पुन्हा चुकायची. शेवटी एकेक टाळी दाजींच्या सुराबरोबर पडायला लागली. आणि मग हात तसेच समोर राहिले, एकमेकांना न लागता.

तिला रडताच येईना हो! तोंड उघडलं, आवाज नाही. अंग नुसतं थरथरतंय. रडायचं कसं तेच विसरून गेली होती माझी बहीण. आणि मग तो आवाज आला. मी तसा आवाज पुन्हा ऐकला नाही, आणि ऐकायला लागू नये. गाणं तिथंच थांबलं. दाजी पायऱ्या उतरून खाली आले, धापा टाकत, आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. तिचे गुडघे धरले. ते पण रडत होते, सगळ्या गावासमोर, तोंड न लपवता.

बऱ्याच वेळानं ताईनं मान वर केली. चेहरा सुजलेला, लहान मुलीसारखा. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

"पेत्रो," ती म्हणाली, "आता पोचली असेल ना गं ती? आता भिजायची नाही ना?"

"पोचली, ताई," मी म्हटलं. "केव्हाच पोचली. तेव्हाच पोचली होती, त्याच दिवशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दाजींकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"